दोघांपुरतं बिडाचं स्किलेट आणि ईगल्सचा रविवार

सप्टेंबर उजाडला की आमच्या घरातला रविवार फिलाडेल्फिया ईगल्स या अमेरिकन फुटबॉल संघाच्या वेळापत्रकावर चालतो. सामना दुपारी एकचा असला तर आंघोळी-पूजा लवकर उरकायची, ४:२५ चा असला तर जेवून एक डुलकी काढायची, आणि रात्री ८:२० चा असला तर सोमवारच्या डब्याची भाजी दिवसाउजेडीच करून ठेवायची. हे वेड बायकोचं. ती कोल्हापूरची, मंगळवार पेठेतली. तिचे वडील आणि भाऊ शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालमीच्या फुटबॉल संघाचा सामना बघून आले की तोच सामना घरी जेवणाच्या ताटांवर पुन्हा एकदा खेळला जायचा, आणि ती ते ऐकत वाढली. इथला फुटबॉल वेगळा. चेंडू लांबुळका, आणि तो हातात धरून पळायचं. पण पेठेची ईर्षा तिने जशीच्या तशी इथे आणली. तिसरा डाउन, म्हणजे चेंडू पुढे न्यायच्या चार संधींपैकी तिसरी, आला की ती खुर्चीत बसतच नाही. मी मिरजेचा, आमच्याकडे तंबोऱ्याचे भोपळे आणि गाण्याच्या बैठका. सामन्यातलं मला कळायला लागलं ते तिच्यामुळे, आणि सामन्याच्या दिवशी स्वयंपाकघर माझं असतं.

हे परीक्षण त्या स्वयंपाकघरातल्या एका भांड्याचं आहे: लॉज कंपनीचं १०.२५ इंची बिडाचं स्किलेट, म्हणजे लांब मुठीचा खोलगट तवा. २०२३ च्या सप्टेंबरात घेतलं, त्याचा हा तिसरा मोसम. भांड्याबद्दल लिहायचं तर त्यात काय शिजतं ते आलंच, म्हणून आमच्या लोडेड टॉट्सची, म्हणजे बटाट्याच्या किसाचे कुरकुरीत बुधले आणि वर चीज-खिमा, सगळी रीतही सांगतो. दोन माणसांपुरती. दोन माणसांपुरती हे मुद्दाम सांगतो, कारण सगळी अडचण तिथेच होती.

फेब्रुवारी २०१८ मध्ये ईगल्सनी पहिल्यांदा सुपर बोल, म्हणजे मोसमाचा अंतिम सामना, जिंकला, पेट्रियट्सवर ४१-३३. त्या दिवशी आमच्या बेसमेंटमध्ये बावीस माणसं होती. मंडळातली चार-पाच कुटुंबं, त्यांची मुलं, लेकीच्या मैत्रिणी. अ‍ॅल्युमिनियमच्या मोठ्या ट्रेमध्ये नाचोज, दुसऱ्या ट्रेमध्ये पावभाजी. हाफटाइमच्या जरा आधी चौथ्या डाउनला निक फोल्सने, म्हणजे चेंडू फेकणाऱ्यानेच, चेंडू झेलून टचडाउन केला, म्हणजे समोरच्यांच्या हद्दीच्या टोकाला नेऊन गुण मिळवले, तेव्हा कुणाच्या तरी हातातली भाजीची वाटी गालिच्यावर पालथी झाली. तो डाग अजून आहे आणि बायको तो काढू देत नाही. आता त्या मंडळींतली कुणी टेक्सासला, कुणी भारतात परत. लेक नोकरीसाठी सिअ‍ॅटलला. बेसमेंटमध्ये आम्ही दोघं आणि टीव्ही.

आणि सामन्याच्या दिवसाचं खाणं हे मुळात घोळक्याचं खाणं. कुठलीही कृती बघा, आठ ते दहा जणांची. निम्मं करायला गेलं तरी मोठ्या ट्रेमध्ये टॉट्स पसरतात, वरचं चीज पातळ पसरून करपतं, आणि मध्ये नुसता कोरडा बटाटा. उरलेलं दुसऱ्या दिवशी कुणी तोंडात घेत नाही. म्हणून मधली काही वर्षं आम्ही बाहेरून मागवत होतो.

फेब्रुवारी २०२३ ला ईगल्स पुन्हा सुपर बोलला गेले, चीफ्सविरुद्ध. मी जवळच्याच एका स्पोर्ट्स बारमधून लोडेड टॉट्स आणि विंग्ज मागवल्या. टिप धरून ३८ डॉलर. सामना साडेसहाला सुरू झाला, खोका आला तिसऱ्या क्वार्टरमध्ये, म्हणजे मध्यंतर उलटून गेल्यावर. झाकण उघडलं तर आतून घाम सुटलेला, थेंब ओघळून टॉट्सवर पडत होते. चीज गार होऊन त्याची साय धरली होती, चमचा लावला की एका तुकड्यात निघत होती. खालचे टॉट्स उकडलेल्या बटाट्यासारखे, बोटांत दाबले की पीठ. बायकोने दोन खाल्ले आणि झाकण लावून टाकलं. त्या दिवशी ईगल्स ३८-३५ असे तीन गुणांनी हरले. तिला भूक लागली होती, तिचा संघ हरला होता, आणि घरात खायला काही नव्हतं. मला ते फार लागलं. गरम तळणीवर झाकण ठेवायचं नाही हे माझी आई भज्यांच्या घाण्याला सांगायची. वाफेला वाट नसली की तीच वाफ पाणी होऊन पदार्थात परत मुरते. चीज घातलेला बटाटा बंद खोक्यात पाऊण तास प्रवास करून कुरकुरीत राहणं शक्यच नाही, मग तो कुणीही पाठवो.

त्या वर्षी लेबर डेच्या सुमारास मी हे स्किलेट आणलं.

बिडाचं भांडं आपल्याला नवं नाही. आईचा आंबोळ्यांचा तवा बिडाचाच होता, मिरजेच्या घरी अजून आहे. लॉज ही कंपनी टेनेसी राज्यातल्या साउथ पिट्सबर्ग नावाच्या गावी १८९६ पासून बिडाची भांडी ओतते. पूर्वी बिडाचं भांडं घरी आणलं की तेल लावून, तापवून, कांदा घासून ते तयार करायला आठवडा जायचा. २००२ च्या सुमारास लॉजने तेल चढवून, भाजून तयार केलेली भांडी विकायला सुरुवात केली, म्हणजे आणलं, धुतलं आणि वापरायला घेतलं. मी तरीही पहिले पंधरा दिवस त्यात थालीपीठं लावली. भाजणीला तेल सोडावं लागतं आणि मधल्या भोकातून ते तळापर्यंत जातं. तव्याला तकाकी येण्यासाठी याहून चांगला उपाय मला माहीत नाही. महिन्याभरात तळ काळाभोर आणि गुळगुळीत झाला.

वजन सव्वादोन किलोच्या आसपास. एका बाजूला लांब मूठ, समोर छोटा कान, आणि दोन्हीकडे तेल ओतायला चोच. सगळं एकसंध बीड, कुठेही लाकूड नाही, प्लास्टिक नाही. हे महत्त्वाचं, कारण ते गॅसवरून ओव्हनमध्ये, ओव्हनमधून ब्रॉयलरच्या, म्हणजे ओव्हनमधल्या वरच्या जाळाखाली आणि तिथून थेट टेबलावर जातं. एकच भांडं. मी घेतलं तेव्हा वीस डॉलरच्या आसपास पडलं होतं.

आकाराबद्दल थोडं जास्त लिहितो. आठ इंचीत एका माणसाचं मावतं. बारा इंचीत चार माणसांचं, आणि ते भरलेलं उचलायला दोन्ही हात लागतात. १०.२५ इंचीच्या तळात टॉट्स एकाला एक खेटून, एका थरात चाळीस-पंचेचाळीस बसतात. दोघांना तेवढे पुरतात आणि उरत नाहीत. चीज सगळ्यांना मिळतं. मुख्य म्हणजे कड अडीच बोटं उंच आहे, त्यामुळे चीज वितळून बाहेर न जाता कडेला जमतं. त्या कडेबद्दल पुढे सांगतोच.

आता टॉट्स. ओर-आयडाचे गोठवलेले घेतो. या कंपनीच्या नावातच ऑरेगन आणि आयडाहो ही दोन राज्यं आहेत. फ्रेंच फ्राइज कापताना बटाट्याचे जे बारके तुकडे उरायचे ते गुरांना घालत असत. १९५३ मध्ये कंपनीच्या ग्रिग बंधूंनी ते तुकडे चिरून, पीठ आणि मसाला लावून दाबून त्यांचे हे छोटे बुधले केले. शिळ्या पोळीचा कुस्करा करणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला ही गोष्ट आवडणारच. टॉट्सची पाठ खडबडीत असते, आत बटाट्याचे कीस वेगवेगळे लागतात, त्यामुळे फ्राइजपेक्षा ते चीजखाली जास्त वेळ तग धरतात. फ्राइज लोड केल्या की पाच मिनिटांत माना टाकतात. नाचोजचंही मला फारसं पटत नाही: वरच्या चार चिप्सना सगळं, खालच्या उघड्या.

रीत अशी. स्किलेट रिकामंच ओव्हनमध्ये ठेवून ओव्हन ४२५ अंश फॅरनहाइटला लावतो, सेल्सिअसमध्ये २२० च्या आसपास. ओव्हन तापल्यावरही भांडं आणखी दहा मिनिटं आत. बाहेर काढून चमचाभर तेल, ते सगळीकडे फिरवलं की लगेच टॉट्स. फ्रीजरमधून थेट, अजिबात वितळू न देता. तेलात पडताना चर्र आवाज आला पाहिजे. आवाज आला नाही तर भांडं तापलेलं नाही, परत आत ठेवायचं. वीस मिनिटांनी उलथन्याने उलटायचे, मग आणखी दहा-बारा मिनिटं. पाकिटावर लिहिलेल्यापेक्षा मी नेहमी थोडा जास्त वेळ ठेवतो. एरवी खायला जे टॉट्स ‘झाले’ म्हणू, ते चीजखाली जायला अजून झालेले नसतात. रंग बदामी नाही, तांबूस तपकिरी हवा.

एअर फ्रायर आमच्याकडे आहे आणि त्यात टॉट्स छान होतात, ४०० अंश फॅरनहाइटला पंधरा मिनिटांत. घाई असली तर मी त्यात करून गरम स्किलेटमध्ये ओततो. पण नुसत्या एअर फ्रायरवर हे खाणं होत नाही. जाळीत चीज घालता येत नाही, आणि ती टोपली टेबलावर ठेवून खायची वस्तू नव्हे.

चीज किसलेलं आणू नका. अख्खी वडी आणा आणि घरी किसा. पाकिटातल्या किसाला चिकटू नये म्हणून बटाट्याचं पीठ किंवा सेल्युलोजची भुकटी लावलेली असते, त्यामुळे ते वितळताना एकजीव होत नाही, दाणेदार राहतं. दोघांना ११५ ग्रॅम पुरतं. दोन भाग शार्प चेडर, एक भाग मॉन्टेरे जॅक. नुसतं जुनं चेडर घातलं की चव चांगली पण तापल्यावर तेल सुटतं. जॅक कोवळं असतं, ते सगळ्याला धरून ठेवतं. निम्मा कीस टॉट्सवर, त्यावर खिमा, मग उरलेला कीस. सगळं चीज वरच घातलं तर खिमा आणि बटाटा एकमेकांना भेटत नाहीत आणि घास उचलला की वरचा थर एकदम घसरतो.

कधी पातळ चीजसॉस हवासा वाटतो. त्यासाठी तेवढ्याच किसाला दोन चहाचे चमचे कॉर्नफ्लोअर चोळून घ्यायचं, १२ औंसाच्या डब्यातलं निम्मं इव्हॅपोरेटेड मिल्क पातेल्यात घालून मंद आचेवर हलवत राहायचं. पाचेक मिनिटांत पिठल्यासारखं घट्ट होतं. इव्हॅपोरेटेड मिल्क म्हणजे आटवलेलं बिनसाखरेचं दूध. चुकून कंडेन्स्ड मिल्क घेऊ नका, ते गोड असतं.

खिमा मी टर्कीचा करतो, अर्धा पौंड, म्हणजे सव्वादोनशे ग्रॅम. दुसऱ्या पॅनमध्ये कांदा लाल परतून त्यात एक चमचा टोमॅटो पेस्ट आणि दीड चमचा कांदा-लसूण मसाला. मसाला सासूबाईंच्या हातचा, दर वर्षी कुणाच्या ना कुणाच्या बॅगेतून येतो. खिमा इतका परतायचा की पॅनच्या तळाला पाणी दिसता कामा नये, उलट तेल सुटलं पाहिजे. ओला खिमा घातला की मी वर जे स्पोर्ट्स बारच्या खोक्याबद्दल लिहिलं तेच घरी घडतं. याच कारणासाठी ताजा टोमॅटो यात नको, आणि बाटलीतला साल्सा तर वाटीत वेगळाच. मांसाहार नसेल तेव्हा काळा घेवडा, म्हणजे ब्लॅक बीन्स, धुऊन, कोरडे करून याच मसाल्यात परततो. तेही तितकंच चांगलं लागतं. आमची चतुर्थी रविवारी आली तर तेच असतं, फक्त कांदा-लसूण नाही, जिरं आणि लाल तिखट.

वेळ साधण्याची गोष्ट मला बायकोने शिकवली, आणि माझ्या मते हे सगळ्यात उपयोगी. प्रत्येक हाफ संपायला दोन मिनिटं उरली की सामना थांबतो, त्याला टू-मिनिट वॉर्निंग म्हणतात. घड्याळात दोनच मिनिटं असतात, पण टाइमआउट, जाहिराती आणि घड्याळ थांबणं धरलं तर प्रत्यक्षात दहा मिनिटं सहज जातात. ती खालून हाक मारते, “अहो, टू-मिनिट!” तेव्हा टॉट्स तयार असले पाहिजेत. मी चीज आणि खिमा लावतो, ब्रॉयलर चालू करतो, स्किलेट मधल्या फळीवर. तीन मिनिटं, ओव्हनसमोर उभं राहून. ब्रॉयलरकडे पाठ फिरवायची नाही. चीजला बुडबुडे येऊन मध्ये तांबडे ठिपके पडायला लागले की काढायचं. मग गार वस्तू, सगळ्या बाहेर काढल्यावर: व्हिनेगरमधल्या हालापिनो मिरच्या, कांद्याची पात, कोथिंबीर, आणि सावर क्रीमऐवजी चक्का थोडा सैल करून त्याचे चार-पाच गोळे. चक्का पसरायचा नाही. प्रत्येकाने आपल्या घासापुरता घ्यावा. हाफटाइमची शिट्टी वाजते तेव्हा स्किलेट टेबलावर असतं. नेहमीच्या सामन्यात हाफटाइम बारा-तेरा मिनिटांचा, तेवढ्यात निम्मं संपतं. उरलेलं निम्मं तिसऱ्या क्वार्टरभर गरम राहतं. इथे बिडाची किंमत कळते. चिनीमातीच्या ताटलीत हेच खाणं दहा मिनिटांत गार पडतं.

टेबलावर स्किलेट ठेवतो तो जुना पोळपाट पालथा न घालता, पायांवर उभा. खाली हवा खेळती राहते आणि टेबल भाजत नाही. पोळपाटावर आता बरोबर भांड्याच्या बुडाएवढं काळं वर्तुळ उमटलंय. पोळ्यांना बायकोने नवा आणला.

९ फेब्रुवारी २०२५, पुन्हा सुपर बोल, पुन्हा चीफ्स. सकाळपासून ती सांगत होती की आज सेकॉन बार्कलीचा वाढदिवस, आणि कूपर डीजीनचाही. दोघं ईगल्सचेच खेळाडू, एकाच तारखेचे. शिरा कर म्हणाली, मी केला, देवापुढे ठेवला. दुसऱ्या क्वार्टरमध्ये डीजीनने चीफ्सचा फेकलेला चेंडू मध्येच झेलला आणि तसाच पळत जाऊन टचडाउन केला, बाविसाव्या वाढदिवशी. मी तेव्हा वर खिमा परतत होतो. खालून अशी किंकाळी आली की मी गॅस बंद करून जिन्यात पोचलो. हाफटाइमला २४-०. त्या दिवशी हाफटाइम गाण्याच्या कार्यक्रमामुळे लांब असतो, तेव्हा घाई नव्हती. मी स्किलेट आणून पोळपाटावर ठेवलं. अजून तडतडत होतं. कडेला चीज उतरून जिथे बिडाला टेकलं होतं तिथे त्याची गडद तपकिरी जाळी झाली होती, आतून पारदर्शक, वरून बुडबुड्यांच्या खुणा असलेली. उलथन्याचं टोक कडेला घातलं आणि भांडं हळूहळू फिरवत गेलो, तसा तो सगळा वेढा एका पट्टीत सुटून आला. “खरवड!” बायको म्हणाली. बासुंदी आटवून झाली की कढईची खरवड कुणाला, यावरून तिच्या घरी भावंडांची भांडणं व्हायची. तीच चव नव्हे अर्थात, ही खारट आणि खमंग, पण दाताखाली तसंच कुडकुडतं. ती सगळी पट्टी मी तिला दिली. सामना ४०-२२ ने जिंकला आणि स्किलेटमध्ये काही उरलं नाही.

त्यानंतर हीच रीत वापरून फिलाडेल्फियाच्या चीजस्टेकचाही, म्हणजे पावात भरलेल्या पातळ मांस-चीजचाही, प्रकार करायला लागलो. आमच्याकडे बीफ नाही, पण इथे चिकन चीजस्टेकही सगळीकडे मिळतो. चिकनच्या मांडीचं मांस अर्धवट गोठलेलं असताना पातळ कापायचं, म्हणजे सुरी नीट चालते. कांदा गोड होईपर्यंत परतून त्यातच मोठ्या आचेवर चिकन, मीठ, भरपूर मिरपूड. टॉट्सवर ते आणि वर प्रोव्होलोन चीजच्या चकत्या. यात कांदा-लसूण मसाला घालायचा मोह आवरा. मी एकदा घातला होता, तेव्हा तो खिम्याचाच भाऊ झाला. नुसता कांदा आणि मिरपूड यांनीच त्याला इथली चव येते.

आता बिडाच्या भांड्याचे कष्ट. ते आहेत, आणि घ्यायच्या आधी माहीत हवेत. पहिला, वजन. मनगट दुखत असेल तर भरलेलं भांडं एका हाताने उचलू नका; तो समोरचा कान त्यासाठीच आहे, दोन्ही हातांना जाड मिट घालून उचला. दुसरा, मूठ. ती भांड्याइतकीच तापते आणि टेबलावर आल्यावरही अर्धा तास तापलेली असते. दिसायला काळी ती काळीच, तापलेली ओळखू येत नाही. आमच्याकडे नियम आहे: ओव्हनमधून आलेल्या मुठीवर लगेच कापडाची टोपी चढवायची, आणि ती टोपी भांडं गार होईपर्यंत काढायची नाही. घरात लहान मूल असेल तर हे खाणं टेबलावर आणूच नका, ओट्यावरच ताटलीत वाढा. तिसरा, आंबट पदार्थ. टोमॅटोचं सार, चिंचेची आमटी यात शिजवायची नाही. आंबटाने चढलेला तेलाचा थर उतरतो आणि पदार्थाला लोखंडाची चव येते. खिमा मी वेगळ्या पॅनमध्ये करतो त्याचं हेही एक कारण.

धुण्याचा मात्र लोक उगाच बाऊ करतात. भांडं कोमट असताना पाणी आणि काथ्याची घासणी, बस. चीज चिकटलं असेल तर मूठभर जाडं मीठ. साबणाचा थेंब चालतो, हल्लीच्या साबणाने काही बिघडत नाही. डिशवॉशर नाही आणि रात्रभर पाण्यात भिजत टाकणं नाही, एवढंच. धुतल्यावर गॅसवर दोन मिनिटं तापवून पूर्ण कोरडं करायचं, पेपर टॉवेलवर तेलाचे चार थेंब घेऊन पुसायचं. इतकं कमी तेल की हात फिरवला तर बोटाला लागू नये; जास्त लागलं की चिकट होतं. सामना संपल्यावर माझी पाच मिनिटं यात जातात, आणि तोवर बायकोचं सामन्यानंतरचं विश्लेषण चालू असतं.

भारतात कुणी हे करणार असेल तर एक सूचना. या स्किलेटची लांबी मुठीसकट सोळा इंचांच्या आसपास आहे. छोट्या ओटीजीत मुठीमुळे दार लागत नाही. आधी टेपने मोजा, किंवा दोन कानांचं, बिनमुठीचं बिडाचं पसरट भांडं घ्या, आता आपल्याकडेही ती सहज मिळतात. ओटीजीत वरची कॉइल एकटी लावता आली की ब्रॉयलरचं काम होतं. टीव्हीवर ईगल्सच असले पाहिजेत असंही नाही. वनडेच्या दोन डावांमधल्या सुट्टीत हे आरामात बसतं.

थँक्सगिव्हिंगला लेक येणार आहे. तीन माणसं होणार म्हणून मी गेल्या आठवड्यात बारा इंची स्किलेट बघून ठेवलं आणि बायकोला विचारलं, मागवू का. ती म्हणाली, “कशाला? एवढं वजन उचलत बसाल. हाफटाइमला एकदा लावा, सामना संपताना एकदा. दुसरी टू-मिनिट वॉर्निंग असतीच की.”